सत्तरीनंतरचा सरकारी आरोग्य विमा : पहिले पाऊल कोणी टाकायचे?

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात पाच दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. २४ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या एका खटल्यात स्पष्ट केले की आधार कार्डावरून माणसाची ओळख पटते, पण ते जन्मतारखेचा पुरावा ठरत नाही. वय ठरवताना शाळा सोडल्याचा दाखला अधिक ग्राह्य धरावा. २९ तारखेला, धनत्रयोदशीच्या दिवशी, पंतप्रधानांनी नवी दिल्लीत ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकासाठी वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोफत उपचारांची योजना सुरू केली. उत्पन्नाची अट नाही, दारिद्र्यरेषेचा दाखला नाही. अट एकच : आधारवर वयाची सत्तर वर्षे पूर्ण झालेली असावीत. जो कागद न्यायालयाला वयासाठी पुरेसा वाटला नाही, त्याच कागदावर देशातल्या सुमारे ६ कोटी वृद्धांचा उपचाराचा हक्क उभा राहिला. ही विसंगती कोणी मुद्दाम केलेली नाही, पण वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याचा सगळा प्रश्न तिच्यातून दिसतो. हक्क बऱ्यापैकी मिळालेला आहे, अडचण सुरुवातीला आहे. आणि सुरुवात करण्याची जबाबदारी आपण टाकली आहे ती ज्याला ती पेलणे सर्वांत कठीण, त्या म्हाताऱ्या माणसावर. सरकारकडे त्याचे नाव, वय आणि पत्ता असताना ही सुरुवात सरकारनेच करायला हवी, आणि सरकार ती करेपर्यंत कुटुंबाने ती आजारपणाच्या आधी उरकायला हवी, हे मला या लेखात मांडायचे आहे.

मागे वळून पाहिले तर आपल्या सरकारी विमा योजनांत म्हातारी माणसे फार उशिरा आली. २००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांचे संरक्षण होते आणि त्यात फक्त पाच माणसे बसत. पाच नावे लिहायची म्हटल्यावर कमावता नवरा, बायको आणि मुले यांची नावे आधी लागत; आजी-आजोबांना जागा उरत नसे. ही उणीव पुढे सरकारच्याही लक्षात आली आणि २०१६ मध्ये ६० वर्षांपुढच्या व्यक्तीसाठी जादा ३० हजारांची सोय करण्यात आली. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा कुटुंबातील माणसांच्या संख्येची आणि वयाची मर्यादा गेली, संरक्षण ५ लाखांवर पोचले. पण लाभार्थी ठरले ते २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेतून. त्या यादीत ज्यांचे नाव नव्हते ते पुढे कितीही गरीब झाले तरी बाहेरच राहिले. महाराष्ट्राने स्वतःची वाट चोखाळली होती. १९९७ ची जीवनदायी योजना, २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू होऊन २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर गेलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, आणि २०१७ पासून तिचेच महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना हे रूप. इथे दीर्घकाळ मापदंड होता रेशनकार्डाच्या रंगाचा. पिवळे आणि केशरी आत, पांढरे बाहेर. संरक्षण दीड लाखाचे. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने रंगाची ही अट काढली, मर्यादा ५ लाख केली, १,३५६ उपचार बसवले आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना योजना लागू झाली. म्हणजे २०२४ च्या चार महिन्यांत महाराष्ट्रातल्या सत्तरीपुढच्या माणसासाठी दोन दारे उघडली, एक राज्याचे आणि एक केंद्राचे.

केंद्राच्या या तरतुदीचा नेमका अर्थ अजूनही अनेक घरांत माहीत नाही, म्हणून तो नीट सांगितला पाहिजे. कार्डाचे नाव आयुष्मान वय वंदना. ज्या कुटुंबाला आधीपासून आयुष्मान भारतचे संरक्षण आहे, त्यातील सत्तरीपुढच्या व्यक्तीला वेगळे ५ लाख मिळतात. ते तिने मुला-नातवंडांबरोबर वाटून घ्यायचे नसतात. ज्या घराला आधी काहीच नव्हते, तिथल्या सत्तरीपुढच्या व्यक्तींना मिळून ५ लाख मिळतात, म्हणजे आजोबा आणि आजी दोघेही पात्र असतील तर रक्कम दोघांत मिळून. केंद्र सरकारच्या निवृत्तांची आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना ज्यांना आहे त्यांनी दोहोंपैकी एक निवडायची. खासगी मेडिक्लेम असेल, कर्मचारी राज्य विम्याचे कार्ड असेल, तरी वय वंदना घेता येते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जुना आजार आहे म्हणून नकार नाही, थांबण्याची मुदत नाही. कार्ड झाले की मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार सगळे पहिल्या दिवसापासून धरले जाते. विमा बाजारात हे मिळत नाही. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची चौकट काढली, जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा चारऐवजी कमाल तीन वर्षांवर आणली, जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी विचारावे असे ठरवले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला. या सुधारणा चांगल्याच आहेत. तरीही बहात्तराव्या वर्षी, साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसाला तीन वर्षे थांब म्हणणे आणि आजपासून घे म्हणणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गरज किती मोठी आहे याचा सर्वांत विश्वासार्ह अंदाज मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीतून मिळतो. २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांपुढच्या सत्तर हजारांहून अधिक लोकांची ही पाहणी झाली. तिच्या आधारे नीती आयोगाने २०२४ च्या आपल्या अहवालात म्हटले की दर चार वृद्धांपैकी तिघांना एखादा तरी दीर्घकाळ चालणारा आजार आहे, आणि आरोग्य विमा मात्र पाचांत एकालाही नाही. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात साठीपुढचे लोक एक कोटीहून अधिक होते. आज ती संख्या कितीतरी पुढे गेली असणार. योजना सुरू झाल्यावर डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला केंद्राने दिलेले आकडेही बोलके आहेत. तोवर २५ लाख कार्डे झाली होती आणि २२ हजारांहून अधिक वृद्धांनी ४० कोटी रुपयांच्या वर उपचार घेतले होते. माणशी हिशेब केला तर तो अठरा हजारांच्या आसपास येतो. उपचार कोणते, तर अँजिओप्लास्टी, खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन, पित्ताशय काढणे, मोतीबिंदू, प्रोस्टेट, पक्षाघात, डायलिसिस. यांत नवल वाटावे असे एकही नाव नाही. म्हातारपणी जे होतेच, तेच होते. अठरा हजार ही रक्कम मध्यमवर्गीय घराला मोठी वाटणार नाही, पण ७८ टक्के वृद्धांना कोणतेही निवृत्तिवेतन नाही हेही नीती आयोगाच्याच अहवालात आहे. त्यांच्यासाठी अठरा हजार म्हणजे मुलापुढे हात पसरणे किंवा दुखणे अंगावर काढणे.

मग हा माणूस दारापाशी अडतो तो कुठे? पहिली अडचण वयाची, आणि ती महाराष्ट्रात फार ओळखीची आहे. आपल्याकडे १ जून हा लाखो माणसांचा कागदोपत्री वाढदिवस आहे. शाळा जूनमध्ये सुरू होत, नाव घालायला आणलेल्या पोराची तारीख घरी कोणाला ठाऊक नसे, गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून टाकत. जी माणसे शाळेत गेलीच नाहीत त्यांची अवस्था आणखी बिकट. आधार काढताना ‘वय किती?’ विचारल्यावर जो आकडा सांगितला त्यावरून वर्ष ठरले आणि तारीख पडली १ जानेवारी. अशा नोंदीत दोन-चार वर्षांचा फरक सहज पडतो. पोटी जन्मलेला थोरला मुलगा पंचावन्नचा आणि आईचे आधारवरचे वय सदुसष्ट, अशी घरे गावोगाव आहेत. आता या बाईला सत्तरीचा हक्क हवा तर आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करून घ्यायला हवी. ती दुरुस्ती साधारणपणे एकदाच करता येते आणि तिला कागद लागतो. जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही. न्यायालयाने अधिक विश्वासार्ह मानलेला शाळेचा दाखला ज्यांच्यापाशी कधीच नव्हता, त्यात बायका सर्वांत जास्त. तेव्हा वयाच्या या अटीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही; तो शिक्षण न मिळालेल्या, ग्रामीण, कष्टकरी स्त्रीवर सर्वाधिक पडतो, आणि योजना आखताना सगळ्यात आधी आठवायला हवी होती तीच.

दुसरी अडचण ओळख पटवण्याची. कार्ड काढायला ई-केवायसी लागते : आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी, नाहीतर बोटांचे ठसे, बुबुळे किंवा चेहरा. मोबाईल बहुतेक वेळा मुलाचा असतो. मुलगा पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात; जोडलेले सिम केव्हाच बंद पडलेले. ठशांचे म्हणाल तर आयुष्यभर भांगलण, धुणीभांडी केलेल्या, सोलापुरात विड्या वळलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा चार वेळा दाबला तरी उमटत नाही. चेहऱ्यावरून ओळखण्याची सोय हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे, पण ती आयुष्मान ॲपमध्ये आहे हे माहीत असणारे घरात कोणी असावे लागते. राज्याच्या योजनेत रेशनकार्डाचा प्रश्न येतो. विधवा आई आळीपाळीने मुलांकडे राहते. धाकट्याच्या कार्डातून नाव कमी केलेले, थोरल्याच्या कार्डात चढवायचे राहिलेले. तिचे नाव आधारवर एका तऱ्हेने, रेशनकार्डावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले. वय वंदनाला रेशनकार्ड लागत नाही, ही तिच्या दृष्टीने मोठीच सुटका आहे. म्हणूनच केंद्राच्या योजनेतली आधारची एकमेव अट सोपी आहे असे म्हणणाऱ्यांचे मी काही अंशी मान्य करतो. अट सोपी आहेच. पण सोपी अट पुरी करायलासुद्धा दृष्टी, फोन आणि सोबत लागते, आणि सत्तरीत नेमक्या याच तीन गोष्टी कमी झालेल्या असतात.

यावर प्रशासनाकडून हमखास येणारे उत्तर असे की घाई कशाला, कार्ड रुग्णालयातही काढून मिळते. नियम तसा आहे. प्रत्येक अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते आणि तिथे नोंदणी होते. पण विमा कार्ड रुग्णालयात काढायचे ठरवणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणायला घेणे. रात्री दोनला छातीत कळ आली की घरचे लोक जवळचे रुग्णालय गाठतात. ते योजनेत आहे की नाही हे पाहायला उसंत नसते. आधार घरी राहिलेले असते, ओटीपी ज्या फोनवर यायचा तो उचलला जात नाही, आणि खिडकीवर डिपॉझिट मागितले जाते. एकदा पैसे भरून दाखल झाले की तो रुग्ण खर्चाने आलेला ठरतो, आणि मागाहून योजनेत घालणे कुटुंबाच्या हातात राहत नाही. योजनेतला उपचार पूर्वपरवानगीने, पैसे न भरता व्हायचा असतो. घरच्यांनी भरलेले बिल परत मिळवण्याची ती योजना नव्हे. त्यामुळे कार्ड आधी असणे आणि आपल्या भागातले कोणते रुग्णालय कोणत्या उपचारासाठी अंगीकृत आहे हे आधी माहीत असणे, यावर प्रत्यक्षात सारे अवलंबून आहे. हृदयासाठी एक रुग्णालय, हाडांसाठी दुसरे, काही उपचार फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखीव. हा शोध शांत डोक्याने दुपारी घरी बसून घ्यायचा असतो.

माझा मुख्य आग्रह सरकारकडे आहे. ज्या दिवशी माणसाचे वय सत्तर पूर्ण होते, तो दिवस आधारच्या नोंदीवरून सरकारला आधीच माहीत असतो. अर्जाची वाट का पाहायची? हक्क आपोआप सुरू व्हावा, कार्ड पोस्टाने घरी यावे, आणि ओळख पटवायला माणूस दारी यावा. हे अशक्य नाही, कारण सरकार असे काम इतरत्र करतेच आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांपुढच्या मतदारांचे मत घ्यायला निवडणूक कर्मचारी घरी गेले. निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन यंत्रावर काढून देतो, ही सोय २०२० पासून आहे आणि आता चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. मतासाठी आणि पेन्शनसाठी जे जमते ते उपचारासाठीही जमावे. आशा सेविका प्रत्येक गावात आहे, तिला घर न् घर माहीत आहे. या कामाचा वेगळा मोबदला देऊन तिच्याकडे ते सोपवता येईल. वयाच्या वादासाठी मतदार यादी, थोरल्या अपत्याचा जन्मदाखला, ग्रामसभेचा ठराव असे पर्यायी पुरावे ग्राह्य धरण्याचा अधिकार तहसीलदाराला द्यावा.

याला गंभीर आक्षेप आहे तो गैरव्यवहाराचा. महालेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत ठेवलेल्या अहवालात दाखवले की आयुष्मान भारतचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल क्रमांकाला जोडलेले होते, आणि मृत म्हणून नोंद झालेल्या रुग्णांच्या नावे नंतरही उपचार दिसत होते. नोंदणी अशी ढिली असताना ती आणखी सैल करायची का, हा प्रश्न रास्त आहे. पण हा पुरावा नीट वाचला तर उलट दिशेला नेतो. साडेसात लाख लोकांना एक क्रमांक का लागला? कारण प्रणालीला मोबाईल क्रमांक हवाच होता आणि समोरच्या गरिबाकडे तो नव्हता. नोंद करणाऱ्याने दहा नऊ दाबून काम उरकले. अट कडक होती, पण माणसाच्या परिस्थितीशी तिचा मेळ नव्हता, म्हणून खोटी नोंद झाली. घरी जाऊन, चेहरा पाहून केलेली नोंदणी याहून अधिक खरी असेल. मृतांच्या नावावरचे उपचार तर नोंदणीच्या टप्प्यावर थांबतच नाहीत; ते बिलांच्या तपासणीतच पकडावे लागतात. म्हाताऱ्या माणसाला दारात अडवून तो गैरव्यवहार कमी होणार नाही.

त्याहून अवघड आक्षेप असा, की कार्ड मिळूनही फायदा काय, खासगी रुग्णालये दाद देत नाहीत. या तक्रारीत पुष्कळ तथ्य आहे. उपचारांचे दर ठरावीक, अनेक ठिकाणी खर्चाहून कमी, आणि बिले पंधरा दिवसांत चुकती करायचा नियम असूनही थकतात. हरियाणातल्या खासगी डॉक्टरांच्या संघटनेने ऑगस्ट २०२५ मध्ये थकबाकीपायी या योजनेतले उपचार थांबवण्याचा पवित्रा घेतला होता. उलट टोकाचे उदाहरण अहमदाबादचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या एका खासगी रुग्णालयाने खेड्यात तपासणी शिबिर घेतले, लोकांना शहरात आणून अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी केल्या, दोन जण दगावले, आणि सरकारी योजनेचे पैसे उकळण्यासाठी हे केल्याच्या आरोपावरून पोलीस कारवाई झाली. म्हणजे दर परवडत नाही तिथे वृद्धाला दारातून परत पाठवले जाते आणि परवडतो तिथे नको ते ऑपरेशन गळ्यात पडू शकते. मला हा या योजनेतला सर्वांत धोकादायक भाग वाटतो. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘कार्ड काढू नका’ असा होत नाही. ज्याच्या हाती कार्ड नाही त्याला नकार मिळाल्याची नोंदही होत नाही. कार्डधारक १४५५५ किंवा महाराष्ट्रात १५५३८८ वर तक्रार करू शकतो, आणि अशा तक्रारींच्या संख्येवरूनच दर आणि देयके सुधारण्याचा दबाव तयार होतो. शिबिरात कोणी अचानक शस्त्रक्रिया सुचवली तर शासकीय रुग्णालयात दुसरे मत घ्यावे, एवढी सावधगिरी मात्र प्रत्येक घराने बाळगावी.

योजनेची खरी मर्यादा वेगळीच आहे आणि ती कमी बोलली जाते. हा विमा रुग्णालयात दाखल झाल्यावर चालतो. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यावरचे पंधरा दिवस त्यात येतात, त्यापुढचे औषध आपल्या पदरचे. म्हाताऱ्या माणसाचा खर्च बहुतेक असा होत नाही. तो रोजच्या गोळ्यांवर, दर महिन्याच्या तपासण्यांवर, इन्शुलिनवर होतो. खुब्याचे हाड बसवले जाते, पण पुढचे दोन महिने फिजिओथेरपी आणि उठवायला-बसवायला माणूस लागतो, त्याचा विचार पॅकेजमध्ये नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्य खर्चाच्या ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे, तरी उरलेल्या खिशातल्या खर्चात औषधांचे ओझे मोठे आहे. महाराष्ट्रात याला एक उतारा आहे आणि तो वापरला पाहिजे : १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत तपासणी, चाचण्या आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. वय वंदना कार्ड आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर, दोन्ही मिळून म्हातारपणाचे संरक्षण पुरे होते. आणखी दोन गोष्टी फार थोड्यांना माहीत असतात. कारखान्यात किमान पाच वर्षे कर्मचारी राज्य विम्यात राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नी दोघांसाठी त्या विम्याच्या दवाखान्यांतली सेवा चालू ठेवता येते, बाह्यरुग्ण औषधांसकट. आणि धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे.

श्रीमंतांनाही हा लाभ का, असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर असे की उत्पन्नाची चाळण लावली की तिचा त्रास गरिबालाच होतो. दाखला काढायला तोच रांगेत उभा राहतो. रेशनकार्डाच्या रंगावर माणसे बाहेर ठेवण्याचा अनुभव महाराष्ट्राने दहा-बारा वर्षे घेतला आहे. विम्यापेक्षा सरकारी रुग्णालयांवर पैसा खर्च करा, हा मुद्दा मात्र मला पटतो, आणि तो या योजनेच्या विरोधात जात नाही, कारण योजनेचे पैसे शासकीय रुग्णालयालाही मिळतात. खरी काळजी वेगळी आहे. केंद्राने सुरुवातीला केलेली तरतूद ३,४३७ कोटींची होती. सहा कोटी वृद्धांत ती वाटली तर माणशी ५७५ रुपयेही येत नाहीत. विम्यात सगळेच एका वर्षी आजारी पडत नाहीत हे खरे, पण सत्तरीनंतर दाखल होण्याचे प्रमाण तरुणांहून कितीतरी जास्त असते. एवढ्या रकमेत हिशेब जुळायचा तर पुष्कळ वृद्धांनी दारापर्यंत पोचू नये हे त्यात गृहीत धरलेले दिसते. हेतू तसा नसेलही. परिणाम तोच आहे. म्हणून आपोआप नोंदणीची मागणी करताना तरतूद वाढवण्याची मागणीही सोबत करावी लागेल, नाहीतर थकबाकी वाढेल आणि रुग्णालये आणखी मागे सरतील.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांसाठी थोडे. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. पाच वर्षांच्या वास्तव्यावर ती मिळते, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला ४ लाख. सीमाभागातल्या ८६५ गावांतील मराठी भाषकांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले योजना लागू केली. बडोदा, इंदूर, हैदराबादला मुलांकडे राहणाऱ्या आई-वडिलांना मात्र राज्याच्या योजनेपेक्षा वय वंदना अधिक उपयोगाचे, कारण ते ज्या ज्या राज्यात योजना राबवली जाते तिथे चालते. आई-वडील सहा महिने नागपूरला आणि सहा महिने इंदूरला असतील तर हा फरक निर्णायक ठरतो.

घरात सत्तरी गाठलेले कोणी असेल तर या आठवड्यात चार कामे करा. आधारवरची जन्मतारीख आणि जोडलेला मोबाईल पाहा. तारीख चुकीची असेल तर पुरावा जमवायला आत्ताच लागा, आणि मोबाईल जवळ राहणाऱ्या माणसाचा जोडून घ्या. आयुष्मान ॲपवर किंवा जवळच्या अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राकडे जाऊन कार्ड काढा. ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवायला सांगा. हृदय, मेंदू, हाडे आणि डोळे यांसाठी तुमच्या भागात कोणते रुग्णालय योजनेत आहे ते १४५५५ किंवा १५५३८८ वर विचारून कागदावर लिहा आणि तो कागद, कार्ड आणि आधारची प्रत एका पिशवीत ठेवून ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. शेवटचे काम शेजारी पाहण्याचे. ज्या घरात म्हातारी माणसे एकटी राहतात, त्यांचे कार्डही काढून द्या. सरकार दारी येईपर्यंत ते तुम्हालाच करावे लागणार आहे.